मानवधर्मसभा : सुरतेतील न्यात आणि माणसाची ओळख

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरतेतील हिंदू माणूस कोण, हे तो कोणत्या शेरीत, म्हणजे बहुधा एकाच जातीची घरे असलेल्या गल्लीत, राहतो, कोणाच्या पंगतीला बसतो आणि कोणाशी सोयरीक करतो यावरून ठरत असे. या संबंधांची सूत्रे न्यातीच्या, म्हणजे रोटीबेटी व्यवहाराने बांधलेल्या ज्ञातिसमूहाच्या, हाती होती. न्यातीने ज्याला वाळीत टाकले त्याच्या मुलांची लग्ने अडत, घरच्या मर्तिकाला खांदेकरी मिळत नसत, आणि मग त्याला स्वतःची अशी ओळख सांगायला फारसे काही उरत नसे.

या व्यवस्थेला २२ जून १८४४ रोजी स्थापन झालेल्या मानवधर्मसभेने प्रश्न विचारला. सरकारी गुजराती शाळेचे शिक्षक दुर्गाराम मेहताजी आणि इंग्रजी शाळेत नेमणुकीवर आलेले मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिचे प्रमुख आधार होते. ईश्वर एक, मनुष्यमात्राची जात एक आणि माणसाची योग्यता जन्मावरून न ठरता गुणांवरून ठरावी, ही या सभेची तत्त्वे होती. भूतप्रेत आणि मंत्रतंत्र यांवरही तिने उघड हल्ला चढवला व मांत्रिकांना आपली शक्ती सिद्ध करून दाखवण्याचे आव्हान दिले.

तथापि विचार पालटले म्हणून नातीगोती पालटत नाहीत, हे खुद्द दुर्गारामांच्याच आयुष्यात दिसून आले. ते वडनगरा नागर ब्राह्मण होते आणि विधवाविवाहाचा जाहीर पुरस्कार करीत; परंतु पत्नीच्या निधनानंतर विधवेशीच विवाह करण्याचा आपला मानस त्यांना तडीस नेता आला नाही आणि आप्तांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी ज्ञातीतल्याच कुमारिकेशी लग्न केले. १८४६ मध्ये दादोबांनी सुरत सोडली, १८५२ मध्ये दुर्गारामांची राजकोटला बदली झाली आणि सभा मावळली.

दादोबांच्या प्रेरणेने १८४९ मध्ये मुंबईत निघालेल्या परमहंस सभेने हीच अडचण ओळखून सहभोजनाची दीक्षा घालून दिली: नव्या सभासदाला जातीबाहेरच्या माणसाने भाजलेला पाव सर्वांसमक्ष खावा लागे. जातीच्या भयामुळे हे सारे गुप्तपणे चाले आणि १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटताच तीही सभा मोडली. पुढे १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे एक संस्थापक दादोबांचे धाकटे बंधू आत्माराम पांडुरंग होते आणि या समाजाने आपले काम उघडपणे चालवले.

या सुधारकांना भ्याड ठरवणे अन्यायाचे होईल. जन्माने दिलेली ओळख नाकारणाऱ्याला लग्नात, आजारपणात आणि मर्तिकात पाठीशी उभी राहणारी माणसे लागतात. तशी माणसे जोडण्याचे काम सुरतेत सुरू झाले, हेच मानवधर्मसभेचे खरे ऐतिहासिक महत्त्व होय.