विसरलेला परवलीचा शब्द (संगणक)

संगणकात प्रवेश करण्याचा परवलीचा शब्द (पासवर्ड) विसरल्यावर नवा शब्द ठरवून खाते पुन्हा खुले करणे, या प्रक्रियेस परवलीच्या शब्दाची पुनर्स्थापना म्हणतात. पहारेकऱ्यांच्या खुणेच्या शब्दासाठी रूढ असलेली ही जुनी संज्ञा मराठीने संगणकासाठी स्वीकारली.

विसरलेला शब्द संगणकातून सहसा शोधून काढता येत नाही, कारण तो तेथे मूळ रूपात नसतो. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील सीटीएसएस या प्रणालीत सर्वांचे शब्द एका फाइलमध्ये जसेच्या तसे ठेवलेले असत. १९६६ मध्ये एका दोषामुळे प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाला ती संपूर्ण यादी दिसली. आधुनिक प्रणाली शब्दाऐवजी त्यापासून गणिताने काढलेले मूल्य साठवतात.

प्रथम कॅप्स लॉक व कळफलकाची भाषा तपासावी. कळफलक देवनागरीवर राहिल्यास योग्य शब्दही नाकारला जातो. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खाते असल्यास दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून नवा शब्द ठरवता येतो. स्थानिक खात्यासाठी, आधी उत्तरे नोंदवली असल्यास, तीन सुरक्षा-प्रश्न विचारले जातात. ही सोय विंडोज १० मध्ये २०१८ साली आली. त्याच संगणकावरील प्रशासक खात्यातूनही शब्द बदलता येतो. लिनक्समध्ये दुरुस्ती-अवस्थेत जाऊन 'पासडब्ल्यूडी' ही आज्ञा वापरतात.

माहिती कूटबद्ध असल्यास मात्र हे उपाय अपुरे पडतात. अनेक नव्या संगणकांत कूटबद्धीकरण आपोआप सुरू असते व मालकाला त्याची कल्पनाही नसते. बिटलॉकरची ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली हरवल्यास निर्मात्या कंपनीलाही डिस्क उघडता येत नाही. ही किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते. तिचा शोध तेथूनच सुरू करावा.

पाथर्डीसारख्या तालुक्याच्या गावी असा संगणक बहुधा दुरुस्तीच्या दुकानात नेला जातो. तेथे सी ड्राइव्ह पुसून विंडोज नव्याने टाकल्यास यंत्र सुरू होते, पण डेस्कटॉप व डॉक्युमेंट्समधील कागदपत्रे, छायाचित्रे जातात; ती सहसा सी ड्राइव्हवरच असतात. केवळ शब्द विसरला म्हणून एवढे करण्याची गरज क्वचितच असते. डिस्क कूटबद्ध नसल्यास ती दुसऱ्या संगणकाला जोडून फाइली आधी उतरवून घेता येतात.

हे सर्व उपाय स्वतःच्या संगणकापुरते आहेत. परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकात अप्रामाणिक हेतूने शिरणे, हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ अन्वये गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.