लोटलीहून रामनाथीस : एका दिवसाची वाट

कुलदेवतेच्या दर्शनासाठी इंदूर-बडोद्याहून अथवा जवळच्या बेळगावाहून गोव्यास येणाऱ्या कुळाव्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. फोंड्यास उतरावे, मोटार करावी, मंगेशी, म्हार्दोळ, नागेशी, रामनाथी आणि कवळे येथे नारळ ठेवावेत व दिवे लागण्यापूर्वी बिऱ्हाडी परतावे. यात गैर काहीच नाही. वृद्ध माणसे बरोबर असली म्हणजे दुसरे करणार तरी काय? परंतु ही देवळे जेथे आहेत तेथेच का आहेत, हा प्रश्न ज्याच्या मनात एकदा उभा राहिला असेल, त्याने निदान एक दिवस मोटार सोडून पायी निघावे, आणि तेही फोंड्याकडून नव्हे, तर नदीच्या अलीकडून, साष्टीतील लोटली गावापासून निघावे, असे माझे मत आहे.

गोव्यात पायी हिंडण्याजोग्या रम्य वाटा काही थोड्या नाहीत. तांबडी सुर्लच्या रानातील कदंबकालीन महादेवाकडे जाणारी वाट आहे, बोरीच्या सिद्धनाथाच्या डोंगराचा चढ आहे, सागरतीर तर सर्वांच्या परिचयाचेच. परंतु लोटलीची ही वाट मला अधिक प्रिय आहे. वकिली करणाऱ्या माणसास एक गोष्ट लवकर कळून चुकते : कागदावर जे उमगत नाही ते जागेच्या पाहणीने उमगते. सोळाव्या शतकातील देवांच्या स्थलांतराविषयी मी जे वाचले होते, त्याचा अर्थ मला या वाटेवर प्रथम लागला.

मार्गशीर्ष-पौषातील दिवस निवडावा आणि उजाडताच निघावे, कारण दहा वाजल्यानंतर दमट हवेमुळे चालणे नकोसे होते. लोटलीत भातशेते आहेत, माडांच्या रांगा आहेत, आणि जांभ्या दगडाची विस्तीर्ण जुनी घरे आहेत. गावच्या मध्यभागी चर्च आहे. नदीकडे उतरू लागले की खाजन जमिनी लागतात. खाऱ्या पाण्यास अडविणारे मातीचे बांध आणि त्यांतील लाकडी दारांची मानस ही गावकऱ्यांनी सामाईकपणे राखलेली व्यवस्था पोर्तुगिजांच्या कित्येक शतके आधीची आहे. नवे राज्यकर्ते आले तेव्हा त्यांनीही ती मोडली नाही. १५२६ साली आफोन्सो मेशिया याने तिसवाडीच्या गावकऱ्यांचे रीतिरिवाज लेखनिविष्ट करून त्यांस मान्यता दिली. जमिनीचा वहिवाट-हक्क मानणारे हे सरकार पुढे पंधरा वर्षेही लोटली नाहीत तोच देवाचा हक्क मानीनासे झाले. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली. १५४३ मध्ये साष्टी आणि बार्देश पोर्तुगिजांकडे गेले आणि लोटलीचे भवितव्यही बदलले.

येथे बांधावर क्षणभर थांबून एका खटल्याची आठवण करावी. राशोलच्या किल्ल्याचा कप्तान दियोगो रॉड्रिग्ज याने लोटलीकरांस काही हुकूम केला आणि त्यांनी तो मानला नाही. शिक्षा म्हणून कप्तानाने गावातील मुख्य देऊळच जाळून टाकले. लोटलीकरांनी हातपाय गाळले नाहीत की शस्त्रही उचलले नाही. ते गोवा शहरी गेले आणि त्यांनी दाद मागितली. आश्चर्य असे की त्यांस ती मिळाली. कप्तानाने स्वतःच्या खर्चाने देऊळ पुन्हा बांधून द्यावे, असा निर्णय झाला! जेत्यांच्या न्यायासनासमोर, जेत्यांच्याच अधिकाऱ्याविरुद्ध, जितांच्या देवाचा दावा मान्य झाला होता. हा प्रसंग आपल्यापैकी कोणी रचलेला नाही. तो पोर्तुगीज धर्मगुरूंच्याच लेखनातून आपणांस कळतो, आणि त्यांस त्यात अभिमान वाटे तो पुढल्या भागाचा. कप्तान आर्चबिशपांकडे व जेझुइटांच्या प्रमुखाकडे धावला, त्यांनी व्हाइसरॉय आंतांव द नोरोन्य याजकडे रदबदली केली, आणि निर्णय तर फिरलाच, पण साष्टीतील उरलेली सारी देवळे पाडण्याची मुभाही कप्तानास मिळाली. १५६७ मध्ये त्याने ती पुरेपूर वापरली. दहा वर्षांनी, १५७७ मध्ये, तो निवर्तला. राशोलच्या चर्चमधील त्याच्या समाधिशिलेवर, या भूमीतील देवळे पाडणारा हीच त्याची ओळख कोरलेली आहे.

मला या हकिगतीत कप्तानाचा द्वेष फारसा नवा वाटत नाही. प्रत्येक युगात असे कप्तान निपजतात. जीव तुटतो तो त्या मधल्या थोड्या दिवसांसाठी. निकाल हातात घेऊन लोटलीकर गावी परतले असतील, कोणी चिऱ्यांचा हिशेब केला असेल, कोणी सुतारास बोलावणे धाडले असेल. न्याय मिळाला असे वाटण्याचे ते दिवस! वरिष्ठ सत्तेने खालचा निर्णय फिरविल्याचे कागद मी आयुष्यात पुष्कळ पाहिले आहेत. परंतु ज्या निर्णयाने पक्षकारास आपल्या देवासह गाव सोडावे लागले, असा दुसरा मला ठाऊक नाही.

लोटलीच्या रासई वाड्यावरून पलीकडे दुर्भाटास जाण्याचा जलमार्ग जुना आहे. फेरीबोट मिळाली तर तिनेच जावे. नाहीतर थोडे वर जाऊन बोरीच्या पुलाने जुवारी ओलांडावी. पाण्यावर आल्यावर जी गोष्ट ध्यानी येते तिच्यासाठीच मी वाचकांस येथवर आणले. पलीकडचा तीर स्पष्ट दिसतो! झाडे वेगवेगळी ओळखू येतात. देव दूर देशी गेले नाहीत. लोटलीचा रामनाथ, केळोशीची शांतादुर्गा, कुशस्थळीचा मंगेश आणि वेर्ण्याची म्हाळसा ही सारी दैवते नदी ओलांडून समोरच्या अंत्रुज महालात जाऊन राहिली, कारण तो मुलूख विजापूरच्या आदिलशहाचा होता. मुसलमान राजाच्या हद्दीत आपल्या देवांना आसरा मिळाला, ही गोष्ट आपल्या कीर्तनांत बहुधा वगळली जाते. ती वगळू नये. भक्तांच्या जमिनी, भाऊबंद आणि पुरलेले पूर्वज अलीकडे राहिले. देव तेवढा पलीकडे गेला, पण हाकेच्या अंतरावर. जे मागे राहून ख्रिस्ती झाले ते परके नव्हते, त्याच गावकऱ्यांचे सगोत्र होते. संध्याकाळी नदीकाठी उभे राहून त्यांनी पलीकडे पाहिले नसेल, असे मला वाटत नाही.

दुर्भाटाहून चढ लागतो. वर जांभ्याचे उघडे सडे, खाली पाटाच्या पाण्यावर पोसलेली कुळागरे; पोफळी, मिरवेली, केळी यांची गर्द सावली. उन्हातून या सावलीत शिरताना जो गारवा लागतो त्याचे वर्णन करण्यात अर्थ नाही. कवळ्यास शांतादुर्गेचे दर्शन घ्यावे, तळ्याच्या पायऱ्यांवर विसावा घ्यावा. सध्याचे देऊळ अठराव्या शतकातील, शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले. तेथून रामनाथी अगदी जवळ. सकाळी ज्याच्या गावातून निघालो, त्याच्यासमोर दुपारी उभे राहताना पाय दुखत असतात, आणि ते दुखणे मला योग्यच वाटते.

रामनाथीलगत नागेशी. येथील नागेश मात्र पाहुणा नव्हे, यजमान आहे. देवळापाशी असलेला शके १३३५ चा, म्हणजे इ. स. १४१३ चा शिलालेख नागेश आणि महालक्ष्मी या दोन्ही देवतांस दिलेल्या दानाचा आहे. विजयनगरच्या अमलातील तो लेख, आणि दाता माई शेणै वागळे. साष्टीतून देव आले त्याच्या दीडशे वर्षे आधी बांदिवड्यास पूजा-नैवेद्य चालू होते, दिवाबत्तीस जमीन लावून दिलेली होती. आलेल्या देवांस रिकामे रान नव्हे, नांदते घर मिळाले. सभामंडपातील लाकडावर कोरलेले रामायणातील प्रसंग आणि तळ्यातील मासे पाहण्यात मुलांचा वेळ चांगला जातो.

उन्हे कलल्यावर अंगात त्राण असेल तर म्हार्दोळ आणि मंगेशी गाठावी. म्हार्दोळास जाईच्या फुलांचा सुगंध आणि ती उंच पितळी दीपमाळ. मंगेशीस तळे आणि पांढरा दीपस्तंभ. मंगेशी गाव १७३९ मध्ये रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या खटपटीने देवस्थानास इनाम मिळाला. हे प्रियोळ म्हणजे कैलासवासी अ. का. प्रियोळकर यांचे गाव. इन्क्विझिशनवरील त्यांचा १९६१ चा ग्रंथ ज्याने वाचला आहे, त्यास येथे अधिक सांगावयास नको. पुढे १७६३ च्या सुमारास सोंदेकर राजाकडून फोंडा महाल पोर्तुगिजांकडे आला. ज्यांच्या भयाने देव नदी ओलांडून आले होते, तेच दोनशे वर्षांनी नदी ओलांडून त्यांच्या मागे आले. परंतु तोवर काळ पालटला होता. या वेळी देवळांस हात लागला नाही.

साष्टीच्या दक्षिण टोकाची एक दुसरी वाट सांगून लेखणी ठेवतो. ती वर्षातून एकदाच चालावयाची आहे. कुंकळ्ळीची शांतादुर्गा याच धामधुमीत फातर्प्यास नेली गेली. त्या गावाने १५८३ मध्ये शस्त्र उचलले आणि त्याची जबर किंमत मोजली. फाल्गुनात शिगम्याच्या दिवसांत देवी पालखीत बसून फातर्प्याहून आपल्या मूळ गावी येते. बरोबर बारा वांगडांच्या बारा रंगीत छत्र्या असतात, आणि त्या वांगडांतील काही घराणी आज ख्रिस्ती आहेत. गुलालाने वाट लाल होते. ऊन कडक असते, डांबर तापलेले असते. पालखीमागून चालणाऱ्यांत मी एकदा होतो. पाण्याचा तांब्या पुढे करणाऱ्या एका ख्रिस्ती म्हातारीने मला, 'आमची देवी आयल्या मरे', असे म्हटले आणि ती छत्र्यांकडे पाहू लागली.