अर्जावरचा चेहरा

खानदेशातल्या नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत काम मागायला निघालेल्या पोराच्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठरलेला ऐवज असतो. दहावी-बारावीची गुणपत्रकं, आयटीआयचं प्रमाणपत्र, आधारची झेरॉक्स आणि एका चिमुकल्या पाकिटात पासपोर्ट साइजचे चार फोटो. फोटो बहुधा धुळ्यात, शिरपुरात नाहीतर दोंडाईच्यात काढलेले. हल्ली यातलाच एक फोटो मोबाइलमध्ये टिपून लिंक्डइनवर चढवला जातो. मागे पांढरा किंवा निळा पडदा, शर्टाचं वरचं बटण गळ्याशी लावलेलं, हसू औषधालाही नाही. मुंबई-पुण्याकडचे करिअर सल्लागार अशा फोटोला नाकं मुरडतात. त्यांना त्यात आत्मविश्वास कमी दिसतो. पण तो चेहरा पोराने स्वतःच्या मर्जीने तसा केलेला नाही. समोर बघ, हसू नको, हलू नको, हे त्याला आणि त्याच्या आधीच्या तीन पिढ्यांना कोणीतरी सांगत आलं आहे.

कामधंद्याच्या ओळखीसाठी फोटो द्यायची हौस मुळात पॅरिसची. आंद्रे दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने 1854 मध्ये भेटकार्डाच्या आकाराच्या फोटोचं पेटंट घेतलं. एकाच काचेवर अनेक छब्या घेता येऊ लागल्या आणि फोटो स्वस्त झाला. लोक आपली छबी वाटत फिरू लागले. योगायोग असा, की त्याच वर्षी मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. म्हणजे शौकाच्या बाबतीत आपण पॅरिसच्या फार मागे नव्हतो.

सामान्य माणसाचा चेहरा मात्र वेगळ्याच वाटेने कॅमेऱ्यासमोर आला. विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या इंग्रजाने 1863 आणि 1866 मध्ये दोन खंड छापले. मुंबईत राहणाऱ्या आणि मुंबईला येणाऱ्या जातीजमातींची चित्रावली असं त्यांचं स्वरूप होतं. फोटोखाली जात लिहिलेली आहे, धंदा लिहिलेला आहे. बसलेल्या माणसाचं नाव मात्र बहुतेक ठिकाणी नाही. गंमत म्हणजे जॉन्सनने माणसं एकीकडे टिपली आणि मागचं दृश्य दुसरीकडून आणून जोडलं. बॅकग्राउंड बदलून देणारे ऑनलाइन अर्ज केंद्रवाले ही विद्या आपलीच समजत असतील, तर ती किमान दीडशे वर्षं जुनी आहे. पुढे 1868 ते 1875 या काळात सरकारनेच ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड काढले. त्यांतही हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर. चेहरा ही सरकारी नोंदीची वस्तू झाली ती इथून.

पासपोर्टवरचा फोटो पहिल्या महायुद्धाने आणला. कार्ल लोडी हा जर्मन हेर 1914 मध्ये दुसऱ्याच माणसाच्या अमेरिकन पासपोर्टवर ब्रिटनमध्ये वावरत होता. पकडला गेला आणि त्याला गोळ्या घातल्या गेल्या. त्यानंतर अमेरिकेने आणि ब्रिटनने पासपोर्टवर फोटो सक्तीचा केला. युद्ध संपलं, सक्ती राहिली. संशयापोटी जन्मलेला तो छोटा चौकोन मग नोकरीच्या अर्जावर, रेल्वेच्या मासिक पासाच्या ओळखपत्रावर, परीक्षेच्या प्रवेशपत्रावर जाऊन बसला.

खानदेशात हा चौकोन पोचला तो रेल्वेच्या आणि कचेरीच्या वाटेने. सुरतेहून येणारी ताप्ती व्हॅली रेल्वे एकोणिसावं शतक सरता सरता पूर्ण झाली आणि नरडाणा तिच्यावरचं स्टेशन झालं. 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, धुळे पश्चिमेचं मुख्य ठाणं. जिल्ह्याचं ठाणं म्हटलं की कोर्ट आलं, कचेऱ्या आल्या, शाळा आल्या, आणि त्यांच्या आसपास अर्ज लिहून देणारे, शिक्के करणारे आणि फोटो काढणारेही आले.

गावाकडचा जुना स्टुडिओ ज्याने आतून पाहिला आहे त्याला वेगळं सांगायला नको. पडद्याआड खिळ्याला एक काळा कोट टांगलेला, सगळ्या मापांना तोच. त्यासोबत इलॅस्टिकवाला टाय. भिंतीवर आरसा, आरशाच्या फळीवर पावडरचा डबा आणि दात पडलेला कंगवा. कोट पुढून नीट दिसला की झालं, पाठीमागे तो चिमट्यांनी आवळलेला असे. दोन्ही बाजूंना दिवे, मध्ये स्टूल. ‘इकडे देख भाऊ, हालू नको,’ एवढं बोलून फोटोग्राफर हनुवटी बोटाने किंचित खाली करायचा. आतल्या अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली डेव्हलपर आणि हायपोची तबकं. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलने देवीचे व्रण, सुरकुत्या मारल्या जायच्या. पाकिटावर निगेटिव्हचा नंबर टाकायचा, म्हणजे पुढच्या भरतीला पुन्हा बसायला नको. एकाच बैठकीत मुलीचा नोकरीच्या अर्जाचा आणि स्थळ पाहण्याचा असे दोन्ही फोटो उरकणारे पालकही होते. दोन्हीकडे निवडणारा समोरचाच, त्यामुळे त्यांचं फारसं चुकत नव्हतं.

याच खानदेशात, चाळीसगावला, चेहऱ्याकडे अगदी निराळ्या नजरेने पाहणारा एक माणूस राहत होता. केकी मूस, जन्म 1912 चा. इंग्लंडला कला शिकून आले आणि स्टेशनजवळच्या आपल्या घरात जे बसले ते जवळजवळ पन्नास वर्षं. घराबाहेर पडण्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. त्यातला एक 1970 मधला, विनोबांचा फोटो काढण्यासाठी, असं सांगितलं जातं. टेबलावर मीठ-मातीसारख्या वस्तू मांडून त्यांतून अख्खे देखावे उभे करणारी त्यांची छायाचित्रं जगभरच्या स्पर्धांत बक्षिसं मिळवत राहिली. 31 डिसेंबर 1989 ला ते गेले. त्यांनी काढलेल्या व्यक्तिचित्रांत माणूस एखाद्या क्षणी कसा दिसला, याला किंमत आहे. बाहेर, त्याच खानदेशात, हजारो पोरं मात्र कुठल्याच क्षणाचा नाही असा चेहरा करून स्टुलावर बसत होती, कारण तपासणाऱ्याला तसाच हवा होता.

1993 मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी मतदारांच्या फोटो ओळखपत्राचा आग्रह धरला. लग्नाशिवाय कॅमेऱ्यासमोर कधी न आलेल्या शेतमजूर बायाही त्या निमित्ताने पहिल्यांदा एकट्या फोटोला बसल्या. ते कृष्णधवल फोटो इतके अंधूक होते की त्यावर विनोद झाले. त्यातही हसणारं कोणी सापडणं कठीण.

मग आली ऑनलाइन परीक्षा. आयबीपीएसच्या बँक भरतीला फोटो 200 गुणिले 230 पिक्सेलचा आणि 20 ते 50 केबीचा लागतो. इंजिनिअर झालेल्या पोराला सहीची फाइल लहान करता येत नाही म्हणून तो अर्ज केंद्राच्या रांगेत बसतो. कर्मचारी निवड आयोगाने काही वर्षं फोटोवर तो काढल्याची तारीख छापून मागितली. ‘नीट’ला नाव आणि तारीख दोन्ही. छातीशी नावाची पाटी धरलेला उमेदवार आणि ठाण्यातला आरोपी यांच्या फोटोत मग फरक तो काय राहिला? यंत्रणेची बाजूही ऐकायला हवी. आग्रा महामार्गाने नरडाणा, शिरपूर ओलांडलं की मध्य प्रदेश लागतो. तिथला व्यापमं घोटाळा 2013 मध्ये उघडकीला आला. एकाच्या नावावर दुसऱ्याने परीक्षा देण्याचा तो धंदा होता आणि प्रवेशपत्रावरच्या फोटोंची हेराफेरी हे त्यातलं मुख्य हत्यार. आता बऱ्याच परीक्षांना मोबाइल किंवा वेबकॅमसमोर बसून जागीच फोटो द्यावा लागतो. स्टुडिओवाल्याचा उरलासुरला धंदाही त्याने गेला.

लिंक्डइन 2003 च्या मे महिन्यात सुरू झालं तेव्हा त्यावर फोटोची सोयच नव्हती. ती आली 2007 मध्ये. अमेरिकेत 1964 च्या नागरी हक्क कायद्यानंतर नोकरीच्या अर्जाला फोटो न जोडण्याची रीत पडली होती. वर्ण, लिंग पाहून माणूस नाकारला, असा आरोप नको म्हणून बऱ्याच कंपन्या फोटो पाहायचंच टाळतात. पुढच्या दाराशी अडवलेली ही गोष्ट लिंक्डइनने मागच्या दाराने आत घेतली. फोटो असेल तर प्रोफाइल 21 पट जास्त पाहिलं जातं, असा दावा कंपनीच करते. तो तिच्या सोयीचा आहे, हे लक्षात ठेवलेलं बरं. भारतातल्या सभासदांची संख्या 2023 मध्ये दहा कोटींवर गेली.

चेहऱ्यावरून मत बनवायला माणसाला किती वेळ लागतो? प्रिन्स्टन विद्यापीठात जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव यांनी 2006 मध्ये दाखवलं की सेकंदाचा दहावा भाग पुरतो. नंतर वेळ वाढवून दिला तरी मत फारसं बदलत नाही, फक्त ते जास्त पक्कं होतं. आपल्याकडे तर तेवढाही वेळ लागत नाही, कारण फोटोआधी आडनाव वाचलं जातं. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले होते. दलित आणि मुस्लिम नावांना मुलाखतीची बोलावणी कमी आली. तो निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. आडनावाने जे अर्धं ठरतं ते रंगाने आणि कपड्याने पुरं होतं. जॉन्सनच्या पानावर फोटोखाली जात होती, इथे ती फोटोशेजारी वाचली जाते, एवढाच बदल.

तरीही पोरांनी फोटो टाकू नये, असं म्हणणं परवडणारं नाही. रिकाम्या गोल चौकटीकडे भरती करणारा संशयाने पाहतो. ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड व्हाइट आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये केलेला एक प्रयोग इथे कामाचा आहे. माणसाने स्वतः निवडलेल्या फोटोपेक्षा अनोळखी माणसाने त्याच्यासाठी निवडलेला फोटो पाहणाऱ्यांवर चांगली छाप पाडतो, असं त्यात आढळलं. धुळ्याचा जुना फोटोग्राफर दोन निगेटिव्ह उजेडाला धरून ‘ही ठेवू’ म्हणायचा, तेव्हा तो नेमकं हेच काम करत होता. तेव्हा पोरांनो, चार फोटो काढा आणि निवडायला दुसऱ्याला द्या. कोट उसना घेऊ नका. गोदामात, यंत्रावर, शेताच्या बांधावर, जिथे खरोखर काम करता तिथल्या उजेडात उभं राहून काढलेला फोटो चालतो. आणि हसलात तरी अर्ज बाद होत नाही. निदान लिंक्डइनवर तरी.

कारखानदारांकडे मागणं याहून सोपं आहे. नरडाण्यात काय आणि जळगावच्या वसाहतीत काय, कामगार ओळखायला फोटो लागतो तो गेटपास बनवताना. तो त्या दिवशी गेटवरच काढा. पहिल्या चाळणीच्या अर्जावरचा चौकोन मात्र पुढच्या छपाईपासून काढून टाका.