येऊर डोंगरातील पायवाटा

येऊर डोंगरातील पायवाटा या महाराष्ट्रातील ठाणे शहराच्या पश्चिमेस, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्व भागात असलेल्या मातीच्या नैसर्गिक वाटा आहेत. घोडबंदर रस्त्यावरील वसाहतींपासून अगदी जवळ असूनही त्या बिबट्याचा वावर असलेल्या संरक्षित वनातून जातात. निसर्गनिरीक्षक, विद्यार्थी आणि डोंगरातील आदिवासी पाड्यांचे रहिवासी त्यांचा वापर करतात.

स्थान

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर असून त्याचा निम्म्याहून अधिक भाग ठाणे जिल्ह्यात मोडतो. येऊर हे गाव ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत असून उपवन तलावाच्या बाजूने चढणाऱ्या रस्त्याने तेथे पोहोचता येते. घोडबंदर रस्त्याच्या बाजूने मानपाडा येथे वनविभागाचे निसर्ग परिचय केंद्र असून तेथूनही डोंगराच्या पायथ्याची वनराई पाहता येते. पुढे गायमुखपासून घोडबंदर गावाच्या दिशेने हा रस्ता उद्यानाच्या उत्तर भागातील वनातून जातो.

वाटेचे स्वरूप

येथील खडक मुख्यतः ज्वालामुखीजन्य असून त्याच्या झिजेतून तयार झालेली तांबूस माती व मुरूम वाटांवर आढळतो. पावसाळ्यात खडकांवर शेवाळ धरते आणि ओढ्यांचे पाणी अचानक वाढते. उन्हाळ्यात सागाच्या वाळलेल्या पानांचा थर साचल्याने उतारावर पाय घसरतो. सतत चालण्याने वाटेवरील माती दबते व तिची पाणी शोषण्याची क्षमता घटते. त्यामुळे पावसाचे पाणी वाटेवरूनच वाहू लागते आणि मधोमध घळ पडते. ती टाळण्यासाठी पादचारी कडेने चालू लागले की गवत व रोपे तुडवली जाऊन वाट रुंदावते. त्यामुळे मळलेल्या वाटेवरूनच एका रांगेत चालणे वनासाठी कमी हानिकारक असते.

वनातील आग पसरू नये म्हणून वनविभाग कोरड्या ऋतूत गवत व पाचोळा काढून मोकळ्या पट्ट्या राखतो. त्यांना जाळरेषा म्हणतात. त्या पायवाटांसारख्या दिसत असल्या तरी त्यांचा मुख्य हेतू आग रोखणे हा असतो.

वनस्पती

येथील वन प्रामुख्याने पानझडी प्रकारचे आहे. साग, ऐन, खैर, कुडा, कुंभा, पळस, पांगारा, काटेसावर, बांबू आणि करवंद या वनस्पती आढळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा व काटेसावर बहुतांशी निष्पर्ण असताना फुलतात. उतारांवर वाढणारी कारवी सात-आठ वर्षांतून एकदा सामूहिकरीत्या फुलते आणि बीजधारणेनंतर वाळून जाते. या उद्यानात २०१६ व २०२४ साली तिला बहर आला होता.

प्राणिजीवन

चितळ, सांबर, भेकर, रानडुक्कर, वानर आणि माकड हे येथील प्रमुख सस्तन प्राणी होत. पक्ष्यांपैकी हळद्या, तांबट, स्वर्गीय नर्तक व महाभृंगराज आढळतात. पावसाच्या सुरुवातीस नवरंग पक्ष्याची शीळ ऐकू येते. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्यफुलपाखरू म्हणून घोषित झालेली राणी पाकोळी येथे दिसते.

२०१५ साली कॅमेरा सापळ्यांच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासात उद्यान व लगतच्या परिसरात ३५ बिबट्यांची नोंद झाली. दाट झुडपांतून जाण्यापेक्षा बिबट्या अनेकदा मोकळ्या पायवाटांनी चालतो, म्हणून असे कॅमेरे वाटांच्या कडेला लावले जातात. मऊ मातीवर त्याचा ठसा ओळखता येतो. कुत्र्याच्या ठशात सामान्यतः नखांच्या खुणा असतात, तर बिबट्या नखे आत ओढून चालत असल्याने त्याच्या ठशात त्या सहसा उमटत नाहीत. काँक्रीट किंवा फरशी घातलेल्या वाटेवर निरीक्षणाचे हे साधन उरत नाही.

आदिवासी पाडे

येऊर परिसरात आदिवासी पाडे असून पाटोणपाडा व जांभूळपाडा ही त्यांतील काही नावे होत. पाड्यांना जोडणाऱ्या पायवाटा रहिवाशांच्या नित्य उपयोगाच्या आहेत. पावसाळ्यात मिळणाऱ्या शेवळ, टाकळा, कंटोळी यांसारख्या रानभाज्या डोंगरातून ठाण्याच्या बाजारात येतात. वारली समाजात वाघोबा या दैवताची पूजा केली जाते.

नियम व सुरक्षितता

राष्ट्रीय उद्यानातील प्रवेशास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू असल्याने वनक्षेत्रातील वाटांवर जाण्यापूर्वी वनविभागाची परवानगी घ्यावी लागते. पहाटेच्या अंधारात किंवा सूर्यास्तानंतर वनात थांबणे टाळावे. लहान मुलांना गटाच्या मध्ये ठेवावे. बिबट्या दिसल्यास धावू नये, त्याला घेरू नये आणि खाली वाकून बसू नये. उभे राहून सावकाश मागे सरकावे. उरलेले अन्न वनात टाकल्यास भटकी कुत्री जमतात व त्यांच्या शोधात बिबट्या वस्तीजवळ येतो. म्हणून कचरा परत नेणे हा स्वच्छतेइतकाच सुरक्षिततेचाही भाग आहे.

संवर्धनापुढील प्रश्न

घोडबंदर रस्त्यालगत झालेल्या नागरीकरणामुळे वन आणि वस्ती यांतील मोकळी जागा कमी झाली आहे. उत्तरेकडे वसई खाडीपलीकडील तुंगारेश्वर अभयारण्याशी असलेल्या वन्यजीवांच्या संपर्कात खाडीबरोबरच रस्त्यांचाही अडथळा आहे आणि या भागात वाहनांच्या धडकेने बिबटे मृत्युमुखी पडले आहेत. २०१६ साली उद्यानाभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र अधिसूचित झाले. उद्यानाखालून जाणाऱ्या, सुमारे ११.८ किलोमीटर लांबीच्या ठाणे-बोरीवली जुळ्या बोगद्याच्या प्रकल्पाचे भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झाले. त्याचे ठाण्याकडील टोक मानपाड्याजवळ टिकुजिनीवाडी परिसरात आहे. वर्दळीमुळे होणारी मातीची धूप, उन्हाळ्यातील मानवनिर्मित वणवे, प्लास्टिकचा कचरा आणि रात्रीचा गोंगाट हे प्रश्न येऊरच्या पायवाटांशी थेट निगडित आहेत.