नो-लिमिट पोकर स्पर्धा : डावपेचांचे शिक्षण

ठरावीक प्रवेशशुल्क भरून सर्वांनी सारख्याच चिप्स घेऊन बसायचे, कोणत्याही डावात आपल्यापुढच्या सगळ्या चिप्स लावण्याची मुभा असायची, चिप्स संपल्या की उठायचे आणि टिकून राहिलेल्यांनी क्रमाने बक्षिसे घ्यायची, अशा पद्धतीने खेळली जाणारी पत्त्यांची स्पर्धा. टेक्सस होल्डेम हा तिचा सर्वाधिक प्रचलित प्रकार. त्यात प्रत्येकाच्या हातात दोन पाने असतात, टेबलावर सर्वांना सामाईक पाच, आणि या सातांतून उत्तम पाच पानांचा हात लावायचा. तीन पत्ती खेळलेल्या माणसाला नियम तासाभरात कळतात. जोडी, रंग, रांग या कल्पना त्याच्या ओळखीच्या असतात. त्यामुळे नवशिका सगळा भर पानांच्या बऱ्यावाईटावर देतो, आणि बहुतेकांचे शिक्षण तिथेच अडते. स्पर्धेत शिकण्याची अवघड गोष्ट आहे ती चिपची किंमत. पानांची ताकद गणिताने ठरलेली असते. चिपची किंमत मात्र किती जण उरले आणि बक्षिसे कशी वाटली जाणार यांवर दर डावाला बदलते.

रोख पैशांच्या टेबलावर शंभर रुपयांची चिप शंभरालाच वठते. स्पर्धेत ती मोडता येत नाही, तिचे रूपांतर फक्त क्रमांकात होते. समजा, चार जण उरले आहेत, प्रत्येकाकडे २,५०० चिप्स आहेत आणि बक्षिसे तीनच : ५०, ३० आणि २० हजार. चौघे समान, म्हणून प्रत्येकाचा अपेक्षित वाटा २५ हजार. आता एकाने सगळ्या चिप्स पुढे सारल्या. तुम्ही स्वीकारून जिंकलात तर तुमच्याकडे ५,००० होतात. तरी तुमचा वाटा दुप्पट होत नाही. पहिले येण्याची तुमची शक्यता निम्मी, दुसरे येण्याची एक तृतीयांश, तिसरे येण्याची एक षष्ठांश. एकूण वाटा सुमारे ३८,३३३ रुपये. हरलात तर शून्य. म्हणजे २५ हजार पणाला लावून ३८,३३३ मिळवायचे, आणि त्यासाठी निदान ६५ टक्के वेळा जिंकायला हवे. वेगवेगळ्या रंगांचे एक्का-राजा हा पहिल्या प्रतीचा हात मानला जातो; कोणत्याही दोन पानांविरुद्ध सरासरी त्याची जिंकण्याची शक्यता साधारण ६५ टक्केच भरते. समोरच्याने पाने न पाहता सर्वस्व लावले असले तरी सौदा जेमतेम बरोबरीचा, आणि पाहून लावले असेल तर तोट्याचा. फायदा कोणाचा झाला? हात न हलवता बसून राहिलेल्या दोघांचा : एक जण बाद होताच त्यांचा वाटा प्रत्येकी २५ हजारांवरून सुमारे ३०,८३३ वर जातो. या हिशेबाचे मूळ डेव्हिड हारव्हिल यांनी १९७३ मध्ये घोड्यांच्या शर्यतीतल्या क्रमांकांसाठी मांडलेल्या सूत्रात आहे. मेसन मालमथ यांनी १९८७ मध्ये ते पोकर स्पर्धांना लावले.

दुसरा दाब ब्लाइंडचा. तीन पत्तीतल्या बूटसारखी ही सक्तीची रक्कम ठरावीक वेळाने वाढत जाते, म्हणून चांगल्या पानांची वाट पाहत बसणेही फुकट पडत नाही. डॅन हॅरिंग्टन यांनी आपल्या होल्डेमवरील ग्रंथांत ‘एम’ हे माप रूढ केले : हातातल्या चिप्स भागिले टेबलाच्या एका फेरीचा सक्तीचा खर्च. छोटा ब्लाइंड ५०० आणि मोठा १,०००, शिवाय नऊ जणांच्या फेरीत दर डावाला १००, तर फेरीला २,४०० जातात. ९,६०० चिप्सवाल्याचा एम चार. या अवस्थेत थोडे लावून पुढची पाने पाहण्याची चैन परवडत नाही. सगळे लावायचे किंवा पाने टाकायची, एवढेच दोन पर्याय उरतात. पर्याय कमी झाल्यामुळे हा भाग तक्त्यांनी शिकता येतो. सुरुवातीच्या दोन पानांचे प्रकार १६९च आहेत. दोघेच उरले आणि चिप्स दहा मोठ्या ब्लाइंडइतक्या असल्या, तर छोट्या ब्लाइंडवाल्याने निम्म्याहून अधिक हातांवर सर्वस्व लावावे, असे समतोलाचे गणित सांगते. सावध स्वभावाच्या खेळाडूला हे पटत नाही. तरी थांबून राहणारा फेरीगणिक झिजतो, हे भागाकार करून कोणीही पडताळावे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की हे सारे नशीब आहे, त्याला शिक्षण कसले? आक्षेपातले तथ्य मोठे आहे. पाचांपैकी चार वेळा जिंकणारा हातही लागोपाठ चार डाव टिकण्याची शक्यता सुमारे ४१ टक्केच. २००३ मध्ये छोट्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून आलेल्या ख्रिस मनीमेकर या हौशी खेळाडूने ८३९ जणांतून लास वेगासची मुख्य जागतिक स्पर्धा जिंकून २५ लाख डॉलर मिळवले. एका स्पर्धेच्या निकालावरून कोणाचेच कौशल्य मोजता येत नाही. पण एका डावाचा निकाल फसवा असणे वेगळे आणि निर्णय चूक की बरोबर हे ठरवता न येणे वेगळे. वरचा ६५ टक्क्यांचा उंबरठा पत्ते उलटण्याआधीच ठरलेला असतो. तो ओळखता येणे शिकता येते, तपासताही येते.

भारतीय न्यायालयांसमोर हाच वाद वेगळ्या वेशात आला. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला आणि १९९६ मध्ये, तामिळनाडूच्या खटल्यात, घोड्यांच्या शर्यतीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानले. पोकरबाबत गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये विरोधी कौल दिला. तामिळनाडूने २०२२च्या कायद्यात रमी आणि पोकर यांना नशिबाच्या खेळांच्या परिशिष्टात घातले. मद्रास उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती संजय गंगापूरवाला यांच्या खंडपीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ते परिशिष्ट रद्द केले, पण वेळ आणि वय यांवर नियमन करण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवरील बंदीत कौशल्य की नशीब हा भेदच ठेवला नाही. म्हणून तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडूत मोबाइलवर पैसे लावून पोकर खेळण्याच्या बाबतीत जुना युक्तिवाद आता कामाचा नाही. पणजीला मांडवीत नांगरलेल्या कॅसिनो-बोटींचा प्रश्न निराळा. टेबलावरच्या खेळांना तिथे १९७६च्या गोव्याच्या कायद्यातील नंतरच्या दुरुस्त्यांनी वाट करून दिली. कौशल्य सिद्ध झाल्याने व्यसनाचा धोका नाहीसा होतो, असे मात्र नाही. न्यायालयीन युक्तिवादांत ही गफलत वारंवार दिसते.

दुसरा आक्षेप : संगणकाने पोकर सोडवले, आता शिकण्यासारखे उरले काय? लिब्रेटस या प्रणालीने २०१७ मध्ये चार व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवले, प्लुरिबसने २०१९ मध्ये सहा जणांच्या टेबलावर यश मिळवले. परंतु दोन्ही प्रयोगांत प्रत्येक डावानंतर चिप्स पुन्हा मूळ संख्येवर आणल्या जात. स्पर्धेला स्पर्धा बनवणारी गोष्टच, म्हणजे कमीजास्त होणारे ढीग आणि बादफेरी, तिथे वगळलेली होती. सोडवणूक करणारी सॉफ्टवेअर आज बक्षिसांचा हिशेब धरूनही उत्तरे देतात, पण ती समतोलाची उत्तरे असतात; समोरचा प्रत्यक्षात कोणत्या हातांवर किती लावतो हे त्यांना माणसानेच सांगावे लागते. ओरत्तनाडूचा असो की पणजीचा, समोरचा खेळाडू तक्त्याप्रमाणे खेळत नसेल तर तक्त्यातला कॉलही महागात पडतो.

पैसे न लावता सराव केला तर कोणी गांभीर्याने खेळत नाही, ही तक्रार खरी आहे. फुकटच्या चिप्सवर लोक कशावरही ऑल-इन जातात, म्हणजे सर्वस्व लावतात. त्यामुळे खेळण्यापेक्षा कागदावरचा अभ्यास अधिक देतो : उरलेले खेळाडू, प्रत्येकाचा ढीग, ब्लाइंड, आपली जागा आणि बक्षिसांची वाटणी एवढे लिहून, समोरची पाने झाकून निर्णय नोंदवायचा, मग गणित करायचे. सुरुवातीला अभ्यासाला पात्रता स्पर्धांची उदाहरणे घ्यावीत. दहा जणांना सारखेच प्रवेशपत्र मिळणार असेल, अकरा उरले असतील आणि तुमच्याकडे मोठा ढीग असेल, तर दुसऱ्या मोठ्या ढिगाच्या ऑल-इनसमोर दोन एक्केही टाकून देणे बरोबर ठरते. पहिल्या क्रमांकाला तिथे दहाव्यापेक्षा पैभरही जास्त मिळत नाही.