पानिपतानंतरचा कारभारी

पानिपत म्हटलं की आपल्याला हरलेली लढाई आठवते. हरल्यानंतर घर कोणी सावरलं, हे फारसं कोणी सांगत नाही. आज ते सांगते.

१४ जानेवारी १७६१ ला गोपिकाबाईंचा थोरला मुलगा विश्वासराव पानिपतावर पडला. जूनमध्ये नवरा, नानासाहेब पेशवे, गेले. मागे राहिलं कर्ज, आणि टपून बसलेले निजाम नि हैदर. पेशवाईची वस्त्रं मिळाली सोळा वर्षांच्या माधवरावाला.

सत्ता उतरणीला लागली की आधी घरातलेच वाटा मागतात. काका राघोबादादा १७६२ मध्ये निजामाची मदत घेऊन पुतण्यावर चालून आले. तेव्हा माधवराव आळेगावला स्वतःच काकांच्या छावणीत जाऊन त्यांच्या हवाली झाले. कुणी भित्रेपणा म्हणेल. मला तो शहाणपणा वाटतो, कारण आपसात लढून उरलीसुरली फौजही गेली असती. पुढच्याच वर्षी निजामाने पुणं लुटलं, जाळलं. मग काका-पुतण्या एकत्र झाले आणि १० ऑगस्ट १७६३ ला आपल्याच गोदेच्या काठी, खाली बीडकडे राक्षसभुवनला, निजामाला हरवलं.

दादा पुन्हा उठले तेव्हा मात्र माधवराव नमले नाहीत. १७६८ मध्ये आपल्या चांदवडच्या धोडप किल्ल्याशी काकांना पकडलं आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. मधल्या वर्षांत त्यांनी हिशेब कडक केले, वेठबिगारीला आळा घातला, रामशास्त्र्यांसारख्या न्यायाधीशाचं ऐकून घेतलं. आपल्या गटात थकबाकी वाढली की नवी अध्यक्ष आधी वही उघडते ना, तसंच. हैदरला त्यांनी नमवलं. १७७२ च्या सुरुवातीला महादजी शिंद्यांनी बादशहाला दिल्लीच्या तख्तावर बसवलं. पानिपताला अकराच वर्षं झाली होती!

त्याच नोव्हेंबरात थेऊरला क्षयाने माधवराव गेले. वय सत्तावीस. जाण्याआधी लिहून ठेवलेल्या यादीत कर्ज फेडण्याचं कलम होतं. पण सगळा डोलारा एकाच माणसाच्या खांद्यावर होता, ही त्यांच्या कारभाराची कमजोरीच म्हणायची. वर्ष भरायच्या आत धाकटे नारायणराव शनिवारवाड्यात मारले गेले. १७७५ मध्ये दादांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला, आणि घरच्या भांडणात इंग्रज शिरले.

गोपिकाबाई तेव्हा आपल्या नाशिकजवळ गंगापूरला राहत होत्या. तिन्ही तरुण मुलगे त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. नातू सवाई माधवरावाला कसं वागावं, कसं राहावं, हे त्यांनी इथूनच पत्रातून लिहून कळवलं. १७८८ मध्ये त्या वारल्या.