कार्ब्युरेटर ते संगणक: मोटारीच्या इंजिनाचे स्थित्यंतर

वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार होणारी आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून परिचित झालेली 'प्रीमियर पद्मिनी' इटलीच्या फियाट ११०० या मोटारीवर आधारलेली होती. तिच्या इंजिनात कार्ब्युरेटर, म्हणजे आत शिरणाऱ्या हवेच्या ओढीनेच पेट्रोल खेचून घेणारे यांत्रिक साधन, इंधन व हवेचे मिश्रण करी, तर ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्युटरमधील उघडझाप करणारे 'पॉइंट' ठरवीत. हे भाग डोळ्यांना दिसणारे असल्यामुळे पाना, पेचकस आणि फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या एवढ्या सामग्रीवर मिस्त्री बहुतेक बिघाड दूर करू शके. मात्र वेग, भार व तापमान यांनुसार मिश्रण अचूक राखता येत नसल्याने अर्धवट जळालेले इंधन धुरातून बाहेर पडे.

हे चित्र प्रामुख्याने प्रदूषणविषयक निर्बंधांमुळे बदलले. १९९५ मध्ये चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक, म्हणजे धुरातील विषारी वायूंचे रासायनिक रूपांतर करणारे साधन, सक्तीचे झाले. त्याचा त्रिमार्गी प्रकार हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण सुमारे १४.७ ला १ असतानाच पूर्ण कार्यक्षम राहत असल्याने, धुरातील प्राणवायू मोजणारा संवेदक आणि कार्ब्युरेटरऐवजी त्यानुसार इंधनाची फवारणी सतत बदलणारा संगणक इंजिनाला जोडणे अपरिहार्य ठरले. वाहनांच्या धुरावर मर्यादा घालणारी भारत स्टेज (बीएस) मानके टप्प्याटप्प्याने कडक होत १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ देशभर लागू झाले; मोटार अधिक स्वच्छ झाली, परंतु तिचा बिघाड ओळखण्यासाठी मिस्त्रीला कानाइतकेच संगणकातील नोंदी वाचणाऱ्या स्कॅनरवर विसंबावे लागू लागले.